पाळीची पाटी

श्टुटगार्टच्या पश्चिम भागातल्या जुन्या इमारतीत भाड्याचं घर मिळालं, की आत शिरताच दिसतात छतातून लोंबणाऱ्या वायरी. दिवा नाही, होल्डरही नाही. स्वयंपाकघर म्हणून दाखवलेल्या खोलीत भिंतीतून बाहेर आलेली नळाची तोंडं, शेगडीसाठी एक जाड वायर आणि कपाटांच्या जागी रंगवायचे राहिलेले चौकोन. ओटा, सिंक, कपाटं सगळं आधीच्या भाडेकरूने सोडवून नेलेलं. जर्मनीत पुष्कळ ठिकाणी स्वयंपाकघर घरमालकाचं नसतं, राहणाऱ्याचं असतं; माणूस निघाला की खाटेसारखं तेही त्याच्याबरोबर निघतं.

व्हिडिओवर घर दाखवलं तेव्हा आई विचारत राहिली, "अगं, पण ओटा कुठाय?" तिच्या दृष्टीने ओट्यावाचून घर म्हणजे अजून बांधून न झालेलं घर. विजेची एक छोटी शेगडी लाकडी जमिनीवर मांडून आम्ही वरणभात करत होतो, मधे वर्तमानपत्र पसरून जेवत होतो. त्या जेवणांची मला आजही ओढ वाटते. स्वयंपाकघर आयतं मिळालं असतं, तर कुकर कुठे, पोळपाट कुठे, पाण्याचं पिंप कुठे ठेवायचं यावर आम्ही दोघं इतकं बोललोच नसतो.

कागदपत्रांचं फार सांगण्यासारखं नाही. राहायला आल्यापासून दोन आठवड्यांत सरकारदरबारी नाव नोंदवायचं, त्यासाठी घरमालकाच्या सहीचा दाखला न्यायचा. माझं मन अडकलं ते घंटेवरच्या पट्टीपाशी. आमच्या पत्त्यात घराचा क्रमांकच नाही. रस्ता आणि इमारतीचा आकडा, बस. पोस्टमन आडनाव वाचून पत्र टाकतो. पेटीवर आडनाव नसेल तर पत्र परत जातं. म्हणून आमचं लांबलचक मराठी आडनाव बारीक अक्षरांत छापून घंटेवर आणि पेटीवर लावलं. सगळ्या जर्मन, तुर्की, इटालियन नावांच्या रांगेत ते उभं राहिलं, आणि येता-जाता मी त्याच्याकडे बघू लागले.

मग हिवाळा आला. श्टुटगार्ट डोंगरांच्या वाटीत वसलेलं आहे. उतारांवर द्राक्षमळे थेट वस्तीपर्यंत उतरतात, आणि वर-खाली जायला दगडी जिन्यांचे शेकडो रस्ते आहेत. डिसेंबरात साडेचारच्या सुमारास सूर्य जातो आणि वाटीत अंधार साठतो. तशा थंडीतही दिवसातून दोन-तीनदा खिडक्या सताड उघडायच्या. नुसती फट ठेवायची नाही; पाच-दहा मिनिटं पूर्ण उघडून मग घट्ट बंद. नाहीतर शिजवण्याची, आंघोळीची वाफ गार भिंतींवर बसते आणि कोपऱ्यांत बुरशी धरते. भाडेकरारातसुद्धा हे लिहिलेलं होतं. मोहरी-हिंगाची फोडणी झाली की मी खिडकी उघडते, बर्फाळ हवा आत येते आणि फोडणीचा वास अंगणातल्या उघड्या-बोडक्या झाडाकडे निघून जातो. पहिल्या वर्षी मला ते जिवावर यायचं. कोथिंबीर, हरभरे, भेंडी आणायला मी कोपऱ्यावरच्या तुर्की दुकानात जाते. 1961 च्या करारानंतर तुर्कस्तानातून इथल्या कारखान्यांत कामाला माणसं आली, त्यांनी या देशाच्या बाजारात आपली भाजी आणली. गाड्यांच्या कारखान्यांच्या ओढीने आम्ही पुण्याहून इतक्या उशिरा आलो, तरी आमच्या ताटाची निम्मी सोय त्यांनी आधीच करून ठेवली होती. मुंबई आणि श्टुटगार्ट 1968 पासून भगिनी शहरं आहेत. पण माझ्या लेखी खरा दुवा ही कोथिंबिरीची जुडी.

समोरच्या दारात एक वयस्क बाई एकट्या राहतात. बिर्केनकोफ टेकडीवर जा, असं त्यांनीच सांगितलं. 511 मीटर उंचीच्या या टेकडीचा वरचा सुमारे चाळीस मीटरचा भाग माणसांनी रचलेला आहे. दुसऱ्या महायुद्धात बॉम्बहल्ल्यांनी पाडलेल्या घरांचा राडारोडा 1953 ते 1957 या काळात इथे आणून टाकला. माथ्यावर अजून कोरीव दगड उघडे पडलेले आहेत: कुणाच्या खिडकीची चौकट, कुणाच्या दारावरची नक्षी, खांबाचा तुकडा. मृतांच्या स्मरणासाठी आणि जिवंतांना इशारा म्हणून ही टेकडी उभी आहे, असं तिथे लिहिलंय. ते ट्रक बाईंनी लहानपणी पाहिलेले. त्या दगडांमध्ये उभं राहून खाली शहर पाहिलं आणि आमच्या रिकाम्या स्वयंपाकघराबद्दलची माझी उरलीसुरली कुरकुर संपली. या शहराने सगळंच नव्याने मांडलं आहे.

आम्हाला या इमारतीत खरं सामावून घेतलं ते मात्र एका पाटीने. इथे जिना झाडण्या-पुसण्याची पाळी असते. ही या भागातल्या श्वाबियन लोकांची जुनी रीत. शहर स्वच्छ ठेवण्याचे नियम 1492 पासूनचे सांगतात. ज्याची पाळी, त्याच्या दाराला छोटी पाटी लटकते. आठवडा संपला की तो ती शेजारच्या दाराला लावतो. पाटी पहिल्यांदा आमच्या दाराला दिसली तेव्हा मला आजोळच्या वाड्यातल्या नळाच्या, संडासाच्या पाळ्या आठवल्या. पाहुण्याला कुणी पाळी लावत नाही. मी मनापासून जिना पुसला, कठड्यावरून फडकं फिरवलं, कोपऱ्यातली धूळ काडीने काढली. भाषा अजून अडखळत होती, पण स्वच्छ पायऱ्या सगळ्यांना वाचता येत होत्या.

दिवाळी नेमकी आमच्या आठवड्यात आली. जिना झाडून दाराशी छोटी रांगोळी काढली, पणती ठेवली. रविवारी पाटी समोर लावली. दुसऱ्या दिवशी बाईंनी घंटा वाजवली. हातात केरसुणी होती. "हे झाडायचं की राहू द्यायचं?" मी म्हटलं, झाडा, रांगोळी रोज नवी काढायची असते. त्यांनी आधी फोटो काढला, मग झाडली. "पुढच्या वर्षी खालच्या मोठ्या दाराशी काढा," जाताना म्हणाल्या, "म्हणजे सगळ्यांना दिसेल." आईला पुण्याहून आणायच्या सामानाची यादी पाठवली आहे. भाजणी आणि मेतकुटाच्या वर रांगोळीची मोठी पिशवी लिहिली आहे.