खंयचो परब?

नावाला काही महत्त्व नसते असे सुचवणारा तो इंग्रज नाटककार मालवण तालुक्यात कधी पोस्टमन नव्हता, हे उघड आहे. असता, तर आठ दिवसांत त्याचे मत बदलले असते आणि महिन्याभरात त्याने बदलीचा अर्ज केला असता. आमच्याकडे एखाद्या गावात शिरून "परबांचे घर कोणते हो?" असे विचारले, तर समोरचा माणूस प्रथम तुमच्याकडे दयेने बघतो. किनाऱ्यावर उभे राहून "वाळू कुठे मिळेल?" असे विचारण्यापैकीच हा प्रश्न. मग तो म्हणतो, "खंयचो परब?" आणि उलटतपासणी सुरू होते. कुठल्या वाडीतला? कोणाचा मुलगा? वरच्या घरातला की खालच्या? मुंबईला गिरणीत होता तो, की पोलिसात होता तो? चार प्रश्नांची बरोबर उत्तरे दिलीत की पाचव्या मिनिटाला तुम्हांला हवा तो परब सापडतो. बहुधा तो प्रश्न विचारणाराच असतो.

यात कोणाचा दोष नाही. आडनावे मोजकी, आणि आजोबांचे नाव नातवाला ठेवायची चाल. दोन चुलतभावांनी एकाच आजोबांवर हक्क सांगितला, की वाडीत एकदम दोन गणपत परब तयार होतात. मग गाव आपला तोडगा काढतो. एक गणपत विहिरीकडचा होतो, दुसरा फणसाखालचा. पुढे फणस वादळात पडतो, पण गणपत फणसाखालचाच राहतो.

या तोडग्याला शास्त्रीय नाव आहे, हे मला गेल्या चतुर्थीला कळले. माझा भाचा पुण्यात कॉम्प्युटरचे प्रोग्रॅम लिहितो. गणपतीला घरी येतो तोही लॅपटॉप घेऊनच. पडवीत भटजींची वाट बघत तो काहीतरी बडवत होता. मी विचारले, "काय चाललंय?"

"मामानू, तुमका सांगान काय उपेग?" असे म्हणून त्याने सांगायला सुरुवात केली. ही आमच्या घराण्याची पद्धत आहे.

तो म्हणाला, प्रोग्रॅममध्ये 'मॅप' नावाची एक चीज असते. तिचा नकाशाशी काही संबंध नाही. ते एक कपाट समजा. किल्ली द्यायची, वस्तू मिळते. पण कधीकधी एका माहितीची किल्ली पुरत नाही. नुसत्या नावाने दहा माणसे निघतात, नुसत्या गावाने हजार. तेव्हा दोन-तीन गोष्टी एकत्र बांधून एकच किल्ली करतात. तिला म्हणायचे 'कंपोझिट की'. जोडकिल्ली.

"म्हणजे विहिरीकडचो गणपत," मी म्हटले.

भाच्याने लॅपटॉपवरून मान वर केली. पाच वर्षांच्या नोकरीत त्याला इतक्या लवकर कोणी समजून घेतले नसावे.

त्या उत्साहात त्याने मला आणखी बरेच ऐकवले. जावा नावाच्या भाषेत अशी किल्ली आपण स्वतः घडवायची, तर तिला दोन गोष्टी शिकवाव्या लागतात. पहिली, दोन किल्ल्या सारख्या कधी मानायच्या. हे शिकवले नाही तर यंत्राचा बाणा असा, की दोन किल्ल्यांवर अक्षरन् अक्षर तेच असले तरी ती वेगवेगळ्या वेळी घडवली म्हणून वेगळी! हे ऐकून मला परके वाटले नाही. 'झेरॉक्स चालणार नाही, मूळ प्रत आणा' हे वाक्य मी अनेक खिडक्यांवर ऐकले आहे. ते यंत्रालाही जन्मतःच येते, एवढेच नवीन.

दुसरी गोष्ट, किल्लीवरून खण ओळखण्याचा हिशेब. कपाट लाखो वस्तूंचे. प्रत्येक खण उघडून बघत बसले तर संध्याकाळ होईल. म्हणून किल्लीवरून एक आकडा काढायचा आणि थेट त्या आकड्याच्या खणाकडे जायचे. आयबीएम कंपनीतल्या हान्स पीटर लून नावाच्या गृहस्थांनी १९५३ साली ही युक्ती मांडली. दोन निराळ्या किल्ल्यांचा आकडा कधी एकच येतो. जावात मोठा 'ए' आणि धाकटा 'ए' या जोडीचा आकडा २११२, आणि दोन मोठ्या 'बी'च्या जोडीचाही २११२. त्याने बिघडत नाही. खण एक असला तरी आत गेल्यावर पहिली परीक्षा आहेच. आकडा म्हणजे वाडी आणि परीक्षा म्हणजे घर. आमचा पोस्टमन आधी वाडी गाठतो आणि मग दारात विचारतो, "गणपत ह्योच मां?" पण नवशिके प्रोग्रॅमवाले पहिली गोष्ट शिकवतात आणि दुसरी विसरतात. मग होते असे, की पोस्टमन प्रश्न अचूक विचारतो, पण भलत्याच वाडीत.

जोडकिल्ली बांधण्याची आळशी रीतही असते म्हणे. दोन्ही माहित्या एकापुढे एक लिहायच्या आणि मोकळे व्हायचे. मी म्हटले, हे मात्र आमच्या तलाठ्याला विचारा. आमच्याकडे जमिनीला सर्व्हे नंबर असतो आणि त्यात हिस्सा नंबर. सर्व्हे नंबर बारा, हिस्सा तीन, हे लिहायचे १२/३. आता मधली ती तिरकी रेघ पुसा. राहिले १२३. हा बारातला तिसरा हिस्सा, की एकमधला तेविसावा? कोकणात एवढ्या प्रश्नावर दोन पिढ्यांचे दिवाणी दावे चालू शकतात. भावाभावांचे बोलणे त्या तिरक्या रेघेच्या आधाराने टिकून आहे. खुद्द 'सातबारा' हीसुद्धा जोडकिल्लीच. गाव नमुना सात आणि गाव नमुना बारा. पण आम्ही रेघ न ठेवता बोलतो, आणि कोणी त्याला सातशे बारा म्हणत नाही, ही आमची हुशारी.

पत्त्यांचा हा घोळ देशभरचाच होता. त्यावर १५ ऑगस्ट १९७२ रोजी पिनकोड आला. तो ज्यांच्या डोक्यातून निघाला ते श्रीराम भिकाजी वेलणकर मराठी, आणि संस्कृतचे कवी. एकेका अक्षराची जागा सांभाळण्याची सवय असलेल्या माणसालाच हे सुचावे. मालवणचा पिन ४१६६०६. पहिले तीन आकडे टपाल कुठे वेगळे काढायचे ते सांगतात, शेवटचे तीन कुठल्या कचेरीतून वाटायचे ते. कचेरीपर्यंत टपाल बिनचूक येते. पुढे मात्र पुन्हा "खंयचो परब?"

इथपर्यंत सगळे गमतीचे. पण अपुऱ्या किल्लीने काय होते ते आमच्या धाकट्या काकीला विचारावे. तिला महिन्याला थोडी सरकारी मदत मिळते. एके महिन्यात ती आली नाही. चौकशीअंती कळले, की काकी वारली आहे. वारली होती ती पलीकडच्या वाडीतली तिच्याच नावाची, तिच्याच आडनावाची बाई. यादीत नाव जुळले, गाव जुळले, शेरा पडला. नवऱ्याचे नाव आणि वाडी या दोन गोष्टी किल्लीत कोणी ओवल्याच नव्हत्या. काकी खिडकीशी उभी राहून म्हणाली, "मी ही हंय उभी आसंय!" आतला माणूस सज्जन होता. तो म्हणाला, "ते दिसतंय हो, पण दाखला आणा." हयातीचा दाखला मिळून पैसे सुरू होईपर्यंत चार महिने गेले. त्या चार महिन्यांत काकीने दुकानदाराकडे उधारी केली, जी तिने आयुष्यात केली नव्हती. पैशापेक्षा तिला ते लागले. शिवाय ती त्या दुसऱ्या बाईच्या बाराव्याला जेवून आली होती, हे तिने खिडकीवर सांगितले नाही.

भाचा हे ऐकून थोडा वेळ गप्प बसला. मग म्हणाला, याहून वाईट एक प्रकार असतो. वस्तू कपाटात ठेवल्यावर किल्लीच बदलायची. नव्या नावाने शोधावे, तर यंत्र दुसऱ्याच खणात बघते. जुन्या नावाने शोधावे, तर खण बरोबर, पण आत बसलेली म्हणते, ते नाव माझे नव्हे. वस्तू कपाटातच असते आणि कोणालाही सापडत नाही. म्हणून शहाणे लोक किल्ली एकदा घडली की तिला हात लावत नाहीत.

एक मे १९८१ रोजी रत्नागिरीतून सिंधुदुर्ग जिल्हा वेगळा झाला, तेव्हा साऱ्या मालवण तालुक्याची किल्ली एका रात्रीत बदलली. पण तालुका तालुकाच राहिला. त्याला कोणी हयातीचा दाखला मागितला नाही. बायकांचे तसे नाही. आमच्याकडे लग्नात मुलीचे आडनाव जाते, बापाच्या नावाच्या जागी नवऱ्याचे येते, आणि पूर्वी तर पहिले नावही तांदळात लिहून बदलत. मग माहेरच्या सातबारावर एक नाव, शाळेच्या दाखल्यावर तेच, आणि रेशनकार्डावर भलतेच. ती बाई कपाटातच असते. आता १ मे २०२४ पासून जन्मलेल्या मुलांच्या नावात, महाराष्ट्र सरकारच्या निर्णयाने, वडिलांच्या नावाआधी आईचे नाव आले आहे. किल्लीला एक दाता वाढला. इतकी वर्षे तो कुठे होता, हे विचारण्यात अर्थ नाही. तो काकीसारखा खिडकीशी उभा होता.

या बाबतीत आमचा देव मात्र सरकारच्या आणि जावाच्याही पुढे आहे. देवळात गाऱ्हाणे घालणारा गावकार कधी नुसते "परबांचे भले कर" म्हणत नाही. असे मोघम सांगितले, तर आशीर्वाद भलत्याच घरी पोचेल हे त्याला ठाऊक असते. तो गाव सांगतो, वाडी सांगतो, घर सांगतो, कोणाचा कोण ते सांगतो, सध्या मुंबईला कुठे कामाला आहे तेही सांगतो, आणि प्रत्येक दात्याला सगळे मिळून "व्हय म्हाराजा" म्हणतात. यंदा काकीच्या वेळी त्याने सगळे सांगून झाल्यावर आपण होऊन पुढे जोडले, "विहिरीकडची, म्हाराजा. जिती आसा ती."

सगळ्यांत मोठ्याने "व्हय म्हाराजा" काकीच म्हणाली.