यस, यस, यस... थांब!

खरं सांगा, 'आय ॲग्री'च्या वरचा मजकूर तुम्ही शेवटचा कधी वाचला होतात? नाही ना? मीही नाही. मोबाइलच्या ॲपला ते चालून जातं. पण हल्ली आम्हा सॉफ्टवेअरवाल्यांकडे दिवसभर कुणीतरी परवानगी मागत असतं, आणि हा मागणारा असतो एआय. 'ही फाइल बदलू का?' यस. 'ही कमांड चालवू का?' यस. 'टेस्ट पुन्हा...' यस रे बाबा, यस! तिसाव्या यसपर्यंत आपलं लक्ष स्क्रीनवर नसतंच, चहा आला का तिकडे असतं.

ज्यांचा या दुनियेशी संबंध नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. एआय कोडिंग असिस्टंट आता अर्धी ओळ पूर्ण करून देणारा पोपट राहिलेला नाही. क्लॉड कोड, कर्सर, कोपायलट ही मंडळी काम सांगितलं की स्वतः फाइली उघडतात, कोड लिहितात, कमांड चालवतात, एरर आली की दुसरा उपाय करून बघतात. जेवायला जात नाहीत, अप्रेझलला रुसत नाहीत. आणि परवानगीच्या प्रश्नांचा कंटाळा आला तर ते बंद करून टाकायचीही सोय असते. आमच्या टीममधल्या एका वीराने पहिल्याच आठवड्यात ती वापरली. (आम्ही कुठला असिस्टंट वापरतो ते सांगत नाही. क्लायंटशी करार आहे.)

क्लायंट म्हणजे एक पतसंस्था. तिच्या पिग्मी एजंटांचं ॲप आम्ही सांभाळतो. भाजीवाल्या मावशी रोज ५० रुपये देतात, एजंट मोबाइलवर नोंद करतो, आणि ती नोंद आमच्या डेटाबेसमध्ये येऊन बसते. मावशींच्या दृष्टीने ती नोंद म्हणजेच पैसे. ती गेली तर 'सॉरी, एआयने केलं' हे त्यांना कोण जाऊन सांगणार?

असं होत नाही म्हणता? जुलै २०२५ मध्ये अमेरिकेतल्या जेसन लेम्किन यांच्या बाबतीत झालं. ते रेप्लिटच्या एआयकडून ॲप बनवून घेत होते. आता काहीही बदलायचं नाही असं बजावलेलं असताना त्या एजंटने चालू डेटाबेस पुसला. वर 'आता परत आणता येणार नाही' असंही सांगितलं. प्रत्यक्षात तो परत आणता आला! रेप्लिटचे प्रमुख अमजाद मसाद यांनी जाहीर माफी मागितली आणि प्रयोगाचा डेटाबेस खऱ्या डेटाबेसपासून आपोआप वेगळा ठेवण्याची सोय करत असल्याचं सांगितलं.

ही बातमी आमच्या ग्रुपवर फिरली आणि लीड मला म्हणाला, "तुला नाहीतरी सगळ्यात खोट काढायची सवय आहे. असिस्टंटवर लक्ष ठेवणारं काहीतरी बसव."

पहिला उपाय सगळेच करतात. प्रोजेक्टमध्ये सूचनांची फाइल असते, तीत लिहायचं, 'डिलीट करण्यापूर्वी विचारणे.' असिस्टंट ती वाचतो, बहुतेक वेळा पाळतोही. पण ती शेवटी 'कृपया चपला बाहेर काढाव्यात'सारखी पाटी.

दुसरा उपाय मला फार आवडला होता. अँथ्रॉपिकने नोव्हेंबर २०२४ मध्ये एमसीपी नावाचं एक खुलं मानक आणलं. त्यातून असिस्टंटला बाहेरचं कुठलंही टूल जोडता येतं. आम्ही जोडलं एक खडूस टूल. त्याच्यामागे दुसरं एआय मॉडेल. असिस्टंटने आपला बेत त्याला सांगायचा आणि त्याने विचारायचं, हे का करतोयस? सोपा मार्ग नाही का? फसलं तर मागे फिरता येईल? टूल गुणी निघालं. एकदा असिस्टंट व्याजाचं गणित नव्याने लिहायला निघाला होता. टूलने विचारलं, 'आधीचं आहे का बघितलंस?' होतं की!

मग मी आठवडाभराचे लॉग काढून बसले. टूलला कधी विचारायचं ते असिस्टंट स्वतः ठरवत होता. जिथे गोंधळ, तिथे विचारायचा. जिथे पूर्ण खात्री, तिथे थेट कामाला लागायचा. म्हणजे अगदी आपल्यासारखंच! नवऱ्याला रस्ता माहीत असला की तो कुठे कुणाला विचारतो?

म्हणून तिसरा उपाय, हुक. असिस्टंटने कमांड चालवण्याआधी आपली एक छोटी स्क्रिप्ट आपोआप चालते. क्लॉड कोडमध्ये ही सोय २०२५ च्या मध्यापासून आहे. स्क्रिप्टने २ हा आकडा परत केला की काम तिथेच अडतं आणि का अडवलं ते असिस्टंटला कळतं. यात त्याच्या मर्जीचा प्रश्नच नाही. सोसायटीच्या गेटवर रजिस्टर ठेवणं वेगळं आणि वॉचमन काकांनी गाडीसमोर उभं राहणं वेगळं.

चाचणीसाठी मी मुद्दाम लुटुपुटीचा डेटा भरला आणि असिस्टंटला म्हटलं, टेस्ट पास कर. जुन्या नोंदी आड येत होत्या, त्याने टेबल रिकामं करायला घेतलं. हुकने अडवलं. वा! असिस्टंट नम्रपणे म्हणाला, 'ठीक आहे, दुसरा मार्ग बघतो.' आणि त्याने एक पायथॉनची फाइल लिहिली, आत तीच कमांड ठेवली आणि फाइल चालवली. हुकला दिसली फक्त 'फाइल चालव' ही कमांड. टेबल साफ!

त्याच्या मनात खोट नव्हती हो. काम 'टेस्ट पास कर' असं होतं, दार बंद दिसलं, त्याने खिडकी शोधली. पण मला घाम फुटला.

त्या रविवारी आईला हे सांगत होते. आई बँकेतून रिटायर झालीये. पोळ्या लाटता लाटता म्हणाली, "अगं, व्हाउचर लिहिणारा आणि पास करणारा वेगळा असतो. आणि लिहिणाऱ्याच्या हातात तिजोरीची किल्ली कधीच देत नाहीत. एवढं साधं तुम्हाला एआयने सांगितलं नाही?"

सोमवारी आधी किल्ल्या काढल्या. खऱ्या डेटाबेसचा पासवर्ड आता आमच्या कुणाच्याच लॅपटॉपवर नाही. असिस्टंटला मिळते खोट्या नावांची प्रत, खिडकीतून गेला तरी तिथेच पोचणार. खडूस टूलला आता हुकच बोलावतो. आणि माणसाला विचारायचं ते मोजक्याच गोष्टींसाठी, डेटाबेसची रचना बदलताना, व्याजाच्या कोडला हात लावताना, नवं व्हर्जन लाइव्ह करताना. प्रश्न जातो तो काम देणाऱ्याकडे नाही, दुसऱ्याच कुणाकडे तरी. दिवसाला शंभरेक यस दाबणारी मी, आता सहा-सात वेळा दाबते. ते मात्र वाचून.

आमचा वीर नाराज आहे. "स्पीडची वाट लावलीस," म्हणतो. लावली थोडी, नाकारत नाही. त्याचं काम कधी कधी तासभर अडकून पडतं, कारण पास करणारा मीटिंगमध्ये असतो. त्यावर उपाय म्हणून आम्ही पाळ्या लावल्या.

या आठवड्यात पाळी माझी. शनिवारी सिटीप्राइडला पिक्चरचं ठरलंय आणि त्याच रात्री नवं व्हर्जन लाइव्ह जाणार आहे. फोन व्हायब्रेटवर ठेवेन. अंधारात मोबाइलचा उजेड दिसला तर शेजारच्यांनी जरा सांभाळून घ्या!