जुनं मशीन, नवा गेम

'म्हणजे तू नॉस्टॅल्जियावर मासिक काढतेस?' हा प्रश्न मला इतक्यांदा विचारला गेलाय, की उत्तर पाठच झालंय. नाही हो! नॉस्टॅल्जिया वाटायला ती गोष्ट आपण आधी जगलेली असावी लागते. ज्या कम्प्युटरबद्दल मी लिहिते, तो दुकानांतून गायब झाला तेव्हा माझा जन्मही झाला नव्हता. मला उत्सुकता असते ती एवढीच, की या कम्प्युटरसाठी यंदा कोणते नवे गेम्स आले?

हो, नवे. चाळीस वर्षांपूर्वीच्या मशीनसाठी.

मशीनचं नाव झेडएक्स स्पेक्ट्रम. क्लाइव्ह सिंक्लेअर यांच्या कंपनीनं ते २३ एप्रिल १९८२ रोजी इंग्लंडमध्ये आणलं. मेमरी ४८ के. तुमच्या मोबाइलमधला एक साधा फोटोही त्यात मावणार नाही. मॉनिटर नाही, घरचा टीव्ही जोडायचा. हार्ड डिस्क नाही, गेम यायचा कॅसेटवर. टेपरेकॉर्डर सुरू करायचा, पाचेक मिनिटं कानठळ्या बसवणारी किरकिर ऐकायची आणि मग गेम सुरू. नाही झाला, तर रिवाइंड करून पुन्हा पहिल्यापासून!

आणि हा फक्त गोऱ्यांचा खेळ नव्हता बरं का. १९८० च्या दशकाच्या उत्तरार्धात पुण्याच्या डेसिबेल्स इलेक्ट्रॉनिक्सनं लायसन्स घेऊन 'डीबी स्पेक्ट्रम प्लस' बाजारात आणला. त्यातला एक माझ्या मामानं पुण्यात डिप्लोमा करताना पैसे साठवून घेतला. नोकरी लागल्यावर तो मामाबरोबर रत्नागिरीला आला आणि थेट माळ्यावर गेला.

रत्नागिरीत माळ्यावर काय टिकतं? खारी हवा आणि चार महिने पाऊस. मी तो खाली काढला तेव्हा कीबोर्डखालची प्लॅस्टिकची पातळ पट्टी हात लावताच तुटली. पण गंमत बघा, ती पट्टी आजही कोणीतरी नवी बनवून विकतं. मागवली, बसवली. मामा लांबून बघत होता. फक्त एकदाच बोलला, 'अगो, ह्याच्या पिनेत आत मायनस असतो हां. दुसरा कुठला अ‍ॅडॉप्टर लावशील तर जाळशील.' पस्तीस वर्षांनी त्याच्या ते डोक्यात होतं!

कमीत कमी जागेत

नवे गेम्स मुळात कोण बनवतं? हौशी मंडळी. कुणी एकटाच, कुठे तिघा-चौघांची टीम. दिवसा नोकरी, रात्री स्पेक्ट्रम. २०१३ मध्ये स्पेनच्या रेट्रोवर्क्सनं 'लोस अमोरेस दे ब्रुनिल्दा' काढला. सांतियागोच्या यात्रेला निघालेल्या भिक्षूंची गोष्ट. वारीच्या देशातल्या माणसाला लगेच जवळची वाटेल अशी. २०१५ मध्ये रशियन मंडळींनी 'कॅसलव्हेनिया : स्पेक्ट्रल इंटरल्यूड' आणला. स्पेक्ट्रमचा जुना प्रतिस्पर्धी कमोडोर ६४, त्याच्यासाठी २०१७ मध्ये 'सॅम्स जर्नी' आला. ज्यांना मशीन कोड झेपत नाही, त्यांच्यासाठी जोनाथन कॉल्डवेल या प्रोग्रामरनं 'आर्केड गेम डिझायनर' नावाचं टूल २००८ मध्येच करून ठेवलंय.

एवढी मेहनत कशासाठी? माझ्या मते फंडा सोपा आहे. स्पेक्ट्रमच्या स्क्रीनवर २५६ बाय १९२ ठिपके. त्याचे आठ बाय आठचे चौकोन पाडलेले आणि एका चौकोनात फक्त दोन रंग. लाल शर्टातला हिरो हिरव्या झाडासमोरून गेला, की एक तर हिरो हिरवा होतो नाही तर झाड लाल! ही अडचण चुकवत चुकवत सुंदर चित्र काढायचं. वृत्तात लिहिणाऱ्या कवीला विचारा, त्याला हे समजावून सांगावं लागणार नाही.

लडलोची पोरं

मासिकाची आयडिया मला 'क्रॅश'वरून सुचली. स्पेक्ट्रमच्या जमान्यातलं हे भन्नाट मासिक. फेब्रुवारी १९८४ मध्ये पहिला अंक आला. त्याआधी 'क्रॅश' हा टपालानं गेम्स विकणाऱ्यांचा कॅटलॉग होता. तो निघायचा कुठून? लंडन? छे! लडलो नावाच्या छोट्याशा गावातून. गेम्सची परीक्षणं करायला त्यांनी गावातल्या शाळकरी पोरांना बसवलं. एकाच गेमवर तिघांची तीन मतं आणि शेवटी टक्के. १९९२ मध्ये ते बंद पडलं. पण २०१८ च्या वार्षिकासाठी वाचकांनीच किकस्टार्टरवर पैसे जमवले. कमोडोरवाल्यांचं 'फ्रीझ ६४' नावाचं छोटेखानी फॅन मासिकही इंग्लंडमधूनच निघालं.

म्हटलं, लडलोला जमतं तर रत्नागिरीला का नाही?

आणि मराठी माणसाला हा प्रकार काही नवा नाही. शाळा-कॉलेजातली हस्तलिखितं आठवा. १९५० च्या दशकात अरुण कोलटकर, दिलीप चित्रे आणि त्यांच्या मित्रांनी 'शब्द' काढलं ते सायक्लोस्टाइल करूनच. आपली अख्खी लघु-अनियतकालिकांची चळवळ म्हणजे दुसरं काय होतं? स्वतः लिहा, स्वतः छापा, स्वतः वाटा.

आमचा अंक २४ पानी. ए-फोर कागद मधोमध दुमडून. एका कागदाची चार पानं होतात, म्हणून मजकूर कितीही असला तरी पानं चारच्या पटीत. कव्हर रंगीत, आतलं सगळं काळं-पांढरं झेरॉक्स. प्रती ४८. एक तर ४८ के म्हणून आणि दुसरं म्हणजे बजेट तेवढंच म्हणून. मास कॉमला आम्हाला पहिल्याच वर्षी शिकवलं होतं, आधी टार्गेट ऑडियन्स ठरवा. इथे ऑडियन्स एकेक करून शोधावा लागला. पुण्यात काही, मुंबईत काही, एक नागपूरला, एक बेळगावला.

परीक्षक आमच्याच आळीतले. आठवीतले दोघे भाऊ आणि नववीतली एक मुलगी. मोबाइलमधून ऑडिओ वायरनं गेम स्पेक्ट्रममध्ये लोड करायचा आणि खेळून झाल्यावर मराठीत लिहायचं, ही अट. ही अट मात्र सॉलिड महागात पडते. 'अ‍ॅट्रिब्यूट क्लॅश'ला काय म्हणायचं? पोरांनी सरळ 'रंग सांडणे' म्हटलं. आता आमच्या अंकात तोच शब्द चालतो.

स्क्रीनवर मराठी आणणं तर आणखी अवघड. स्पेक्ट्रममध्ये स्वतःची अशी फक्त २१ अक्षरं काढता येतात, तीही आठ बाय आठच्या चौकोनात. आपली वर्णमाला त्यात बसणार कशी? वर वेलांटी, खाली उकार आणि मधली एक ओळ शिरोरेषेनं खाल्लेली. शेवटी अख्खा ९६ अक्षरांचा संचच बदलायचा मार्ग सापडला. ७६८ बाइट्सचा नवा संच मेमरीत ठेवायचा आणि मशीनला सांगायचं, की अक्षरं आता इथून उचल. एकेक अक्षर दोन मजली केलं. 'की' नीट दिसायला आम्हाला तीन संध्याकाळी लागल्या.

मामाची वही

तिसऱ्या अंकाच्या वेळी मामीनं कपाटातून एक वही काढून दिली. चौकटींची, गणिताची. आत आकड्यांच्या रांगाच रांगा. मामा पुण्यात असताना एक गेम लिहीत होता! भाट्याच्या खाडीतून होडी काढायची, खडक चुकवायचे आणि भरती चढायच्या आत मांडवीच्या जेटीला लागायचं. होडीचं चित्र चौकटींत पेन्सिलीनं रंगवलेलं. पण शेवटची दहा-बारा पानं खोडलेली आणि मग कोरी.

मी उड्याच मारल्या. म्हटलं, मामा, हे छापूया. मामानं वही मिटली. 'अर्धवट आहे ते. छापायचं नाही.' मग जरा वेळानं, 'आणि मेल्या मशीनचा गेम पुरा करून कुणाला दाखवायचाय?'

मी गप्प बसले. कारण हाच प्रश्न आई मला रोज वेगळ्या शब्दांत विचारते. फ्रीलान्सिंगमध्ये शब्दांचे पैसे मिळतात आणि या अंकात माझे महिन्याचे दहा दिवस फुकट जातात. मामाला जे उत्तर देईन, ते मलाही लागू होणार होतं. ते माझ्याकडे तयार नव्हतं.

नववीतल्या मुलीनं मात्र त्याला भलतंच विचारलं. 'काका, तुम्ही अडलात कुठे?'

मामानं वही उघडली. अडला होता तो भरतीपाशी. पाणी खालून एकेक ओळ वर चढायला हवं होतं, पण यायचं आठ-आठ ओळी सोडून पट्ट्यापट्ट्यांनी. त्यामागचं कारण असं, की स्पेक्ट्रमच्या मेमरीत स्क्रीनच्या ओळी क्रमानं नसतातच. पहिल्या ओळीनंतर मेमरीत येते ती नववी, मग सतरावी. त्यात पुन्हा स्क्रीनचे तीन भाग. आज हे अनेक गेमवाल्यांना तोंडपाठ असतं. तेव्हा मामाकडे एक मॅन्युअल होतं आणि विचारायला कोणी नव्हतं. मग नोकरी लागली आणि वही मिटली ती मिटलीच.

मुलीनं आलेखाच्या कागदावर अख्खी स्क्रीन आखली आणि ओळींना मेमरीतले नंबर दिले. मामा म्हणाला, 'ठेव इथे. बघतो.' दोन आठवडे काही नाही. अंक थांबलेला, झेरॉक्सवाला विचारून दमला. मग एका रविवारी मामा स्वतःच आला, वहीची कोरी पानं भरून. भरतीचा भाग त्यानं नव्यानं लिहिला होता. आम्ही टाइप केलं. पहिल्यांदा मशीन हँग झालं, दुसऱ्यांदाही. तिसऱ्यांदा पाणी खालून शांतपणे चढायला लागलं. कोणी काही बोललं नाही. मामा म्हणाला, 'जरा जास्तच भरभर चढतंय,' आणि पुन्हा वहीत डोकं घातलं.

लिस्टिंग चार पानांत छापलं. बेळगावच्या वाचकानं ते टाइप केलं आणि खडकात होडी कशी अडकते, याची तक्रार लिहून पाठवली. मामा त्या पत्रावर इतका खूश, की आता दुसरी लेव्हल लिहितोय.

क्लाइव्ह सिंक्लेअर २०२१ मध्ये गेले. स्पेक्ट्रमच्या पोटातली झेड-८० चिपही तिच्या मूळ रूपात बनवणं बंद करत असल्याचं झायलॉग कंपनीनं २०२४ मध्ये जाहीर केलं. तेव्हा मशीन कायमचं टिकेल, असं मी म्हणणार नाही. पण काचेच्या कपाटात ठेवलेलं मशीन आणि ज्याच्यासाठी आज रात्री कुणी तरी नवी ओळ लिहितोय ते मशीन, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. आईला मी सध्या एवढंच सांगते. तिला पटतं असं नाही. पण स्टेपल मारायला बसते!

तर मंडळी, एक काम करा. दिवाळीच्या सफाईत माळ्यावर एखादा काळा, जाडजूड कीबोर्ड सापडला, तर भंगारवाल्याला हाक मारण्याआधी जरा थांबा. सोबत एखादी वही असेल तर तीही बघा. आणि ज्याची वही आहे तो माणूस घरात असेल, तर त्याला विचारा, कुठे अडला होता ते.