आधी माप, मग भाव

व्यापाऱ्याच्या पेढीवर एक रीत पिढ्यान्‌पिढ्या चालत आली आहे. गूळ असो वा हरभरा, माल काट्यावर चढल्याखेरीज त्याचे वजन कोणी सांगत नाही आणि खातेवही उघडल्याखेरीज कोणाकडे किती येणे आहे हेही कोणी बोलत नाही. हीच काटेकोर माणसे दारातील मोटारसायकल सुरू झाली नाही की मात्र ही रीत विसरतात. बटण दाबले, इंजिन फिरले नाही, की निकाल तयार असतो : "बॅटरी गेली." त्यापुढचा प्रश्न असतो तो "कोणामुळे गेली?" हा. बॅटरीत वीज किती उरली आहे आणि गेलेली वीज कोणत्या वाटेने गेली, हे पाहणारा क्वचितच भेटतो.

एके काळी हा प्रश्नच फारसा पडत नसे. अहमदनगरच्या, म्हणजे आजच्या अहिल्यानगरच्या, फिरोदिया कुटुंबाने १९७२ मध्ये लूना बाजारात आणली. तिला सायकलीसारखे पायडल होते. चार-दोन वेळा पाय मारले की इंजिन सुरू होई. महाराष्ट्रातील किती तरी दुकानदारांचा संसार आणि व्यापार या लहानशा गाडीवर उभा राहिला. पुढे १९८४ मध्ये याच घराण्याने होंडाच्या सहकार्याने बटणावर सुरू होणारी कायनेटिक होंडा आणली आणि पायांचे काम बॅटरीकडे गेले. आज बॅटरीवरचा भार कितीतरी वाढला आहे. १ एप्रिल २०१७ पासून नव्या दुचाकींचा पुढचा दिवा इंजिन चालू असताना सतत जळतो. १ एप्रिल २०२० पासून भारत स्टेज सहा हे मानक लागू झाले आणि बहुतेक मोटारसायकलींत कार्ब्युरेटरच्या जागी इंधन फवारणारी इलेक्ट्रॉनिक यंत्रणा आली. पेट्रोलचा पंपही आता विजेवर चालतो. त्यामुळे बॅटरी पूर्ण रिकामी असेल, तर किक मारून किंवा गाडी ढकलूनही पुष्कळदा उपयोग होत नाही.

पुण्याहून सोलापूरकडे जाताना चौफुला मागे पडल्यावर आणि पाटस येण्याआधी वरवंड लागते. महामार्गालगतची पेठ, गावाचा मोठा तलाव आणि चहूकडे ऊस. अशा गावात किराणा-भुसाराचे दुकान चालवायचे, तर मोटारसायकल ही चैन नव्हे, दुकानाचा उजवा हातच होय. वाड्यावस्त्यांवर माल पोचवणे, केडगाव-दौंडकडची वसुली, बँकेचे काम, सारे तिच्यावरच.

येथील एका कुटुंबातील दोघे भाऊ सहकुटुंब सम्मेदशिखरजीच्या यात्रेला गेले आणि बारा दिवसांनी परतले. त्या काळात दुकान जुन्या मुनीमजींनी आणि एका तरुण कामगाराने सांभाळले. माल टेम्पोने पोचवला जाई. मोटारसायकल मागच्या पडवीत उभी होती. परतल्यावर दुसऱ्या दिवशी सकाळी धाकट्या भावाने किल्ली फिरवली. दिवा मिणमिणला, हॉर्न घोगरा वाजला आणि बटण दाबताच आतून नुसता 'टक्‌ टक्‌' असा आवाज आला.

धाकट्याचे मत तेथेच ठरले. आपल्या माघारी कामगाराने गाडी फिरवली, किल्ली चालू ठेवली आणि बॅटरी संपवली. दुकानात दोन गिऱ्हाइके उभी असतानाच तो म्हणाला, "नव्या बॅटरीचे पैसे याच्या पगारातून कापून घेऊ." तरुण एवढेच म्हणाला, "शेठ, मी गाडीला हात लावलेला नाही." मग तो गोणी उचलून आत गेला. बॅटरीची किंमत त्याच्या कित्येक दिवसांच्या कमाईएवढी होती आणि त्याहून मोठी गोष्ट म्हणजे त्याच्या शब्दाची किंमत पणाला लागली होती.

थोरल्या भावाने हिशेबाची वही मिटवली. "गिऱ्हाइकाच्या नावावर उधारी आपण वही न पाहता मांडतो का?" त्याने विचारले. "आधी मेस्त्रीला बोलाव. तो काय सांगतो ते पाहू."

मेस्त्री अनुभवी होता. त्याने आधी साध्या गोष्टी पाहिल्या : हँडलवरचे इंजिन बंद करण्याचे बटण चालू स्थितीत आहे ना, साइड स्टँड वर आहे ना, गाडी न्यूट्रलमध्ये आहे ना, टाकीत पेट्रोल आहे ना. गाडी सुरू न होण्याचे कारण कित्येकदा येथेच सापडते. नंतर त्याने बॅटरीची टोके पाहिली. तेथे पांढरी-हिरवी भुकटी साचली किंवा नट सैल झाला, तर बॅटरी भरलेली असूनही वीज पुढे जात नाही. येथे टोके स्वच्छ आणि घट्ट होती, फ्यूजही शाबूत होता. मग त्याने मीटर लावला. भरलेली बॅटरी स्थिर असताना सुमारे १२.७ व्होल्ट दाखवते. या बॅटरीने ११.६ दाखवले आणि स्टार्टरचे बटण दाबताच आकडा आणखी कोसळला. 'टक्‌ टक्‌' आवाजाचा अर्थ यातच होता. छोट्या रिलेला ओढण्याइतकी वीज उरली होती, इंजिन फिरवणाऱ्या मोटरला पुरेल इतकी नव्हती.

"म्हणजे बॅटरी गेलीच की," धाकटा म्हणाला.

"रिकामी झाली आहे, शेठ. गेली की नाही ते उद्या कळेल," मेस्त्री म्हणाला आणि बॅटरी घेऊन गेला.

बॅटरी चार अँपिअर-तासांची होती. अशी बॅटरी तिच्या क्षमतेच्या दशांशाने, म्हणजे ०.४ अँपिअरने, हळूहळू भरावी लागते. मोटारीचा मोठा चार्जर लावून घाई केली, तर ती तापते आणि खराब होते. दहा-बारा तास लागले. त्या रात्री तरुण कामगार नेहमीप्रमाणे दुकान आवरून गेला, पण जाताना कोणाशी बोलला नाही.

दुसऱ्या दिवशी बॅटरीने १२.७ व्होल्ट धरून ठेवले. गाडी पहिल्याच बटणाला सुरू झाली. इंजिनाचा वेग थोडा वाढवून मेस्त्रीने पुन्हा मीटर लावला : १४.१. साडेतेरा ते साडेचौदाच्या दरम्यानचा हा आकडा सांगतो की, चालत्या इंजिनापासून बॅटरीला वीज नीट मिळते आहे. तो बाराच्या आसपासच राहिला असता, तर दोष वीज निर्माण करणाऱ्या कॉइलमध्ये किंवा रेग्युलेटरमध्ये शोधावा लागला असता आणि नवी बॅटरी घेतली असती, तरी चार दिवसांत तीही बसली असती. येथे जमेची बाजू ठीक होती. आता खर्चाची बाजू पाहायची होती.

मेस्त्रीने इंजिन बंद केले, किल्ली काढून थोरल्या भावाच्या हाती दिली, बॅटरीची ऋण बाजूची तार सोडवली आणि तार व बॅटरी यांच्यामध्ये मीटर जोडला. किल्ली काढलेल्या गाडीने वीज जवळजवळ घेऊच नये. मीटर १२ मिलिअँपिअर दाखवत होता. हँडलजवळ मोबाइल चार्ज करण्याचे एक सॉकेट होते. धाकट्या भावाने ते दोन महिन्यांपूर्वी हौसेने बसवून घेतले होते. बसवणाऱ्याने त्याची तार किल्लीमागून न घेता थेट बॅटरीला जोडली होती. मेस्त्रीने ती सोडवताच आकडा शून्याजवळ आला.

बारा मिलिअँपिअर म्हणजे अगदी किरकोळ गळती. पण व्यापाऱ्याला तिचा हिशेब मांडायला वेळ लागला नाही. चोवीस तासांत सुमारे ०.२९ अँपिअर-तास, बारा दिवसांत सुमारे साडेतीन आणि मूळ भांडवल अवघे चार! गाडी रोज चालत होती, तोवर ही गळती रोजच्या रोज भरून निघत होती, म्हणून कोणाच्या ध्यानात आली नाही. बारा दिवस जमा थांबली, खर्च मात्र चालू राहिला. किती तरी जुन्या पेढ्या अशाच लहान, न लिहिलेल्या खर्चांनी बसल्या आहेत.

धाकट्याने कामगाराला गल्ल्यापाशी बोलावले. तेथे मुनीमजी होते, गिऱ्हाइकेही होती. आरोप चारचौघांत झाला होता, म्हणून तो मागेही चारचौघांतच घेतला गेला. "तुझी काही चूक नव्हती, मी न पाहता बोललो," तो म्हणाला. तरुणाने मान हलवली आणि उतरवायच्या मालाची यादी मागितली.

ज्यांच्या घरी दुचाकी आहे, त्यांनी या घटनेतून काही गोष्टी गाठीशी बांधाव्यात. लांबच्या यात्रेला किंवा लग्नकार्याला निघण्यापूर्वी बॅटरीची ऋण बाजूची तार सोडून ठेवावी. तार सोडताना ऋण आधी, जोडताना ऋण शेवटी. रिकामी बॅटरी तशीच आठवडेच्या आठवडे पडू देऊ नये. आतल्या शिशाच्या पट्ट्यांवर सल्फेटचे थर घट्ट बसतात आणि मग ती भरता येत नाही. मोटारीच्या बॅटरीवरून गाडी सुरू करायची झाल्यास मोटारीचे इंजिन बंद ठेवावे, धन बाजूला धन जोडावी आणि काळ्या तारेचे शेवटचे टोक मोटारसायकलच्या चौकटीच्या उघड्या धातूला लावावे. बॅटरीतून निघणारा हायड्रोजन ठिणगीने पेट घेऊ शकतो. चालू इंजिनावर बॅटरी काढण्याचा जुना प्रयोग आजच्या गाड्यांवर करू नये. त्याने नाजूक उपकरणे जळू शकतात. बॅटरी खरोखरच बाद झाली, तर नवी घेताना जुनी दुकानदाराला परत द्यावी. तिच्यातील शिसे व आम्ल माती-पाण्यात जाऊ नये.

२०२४ मध्ये लूनाही विजेवर धावणारी होऊन पुन्हा बाजारात आली आहे. येत्या पिढीच्या दारात बॅटऱ्या वाढतच जाणार, आणि त्यांच्यासोबत 'कोणामुळे गेली' हा प्रश्नही वाढणार. त्याचे उत्तर देण्यासाठी प्रत्येक पेढीवर काट्याशेजारी एक साधा मीटर असावा. तो फार महाग नसतो, आणि त्याचा आकडा वाचेपर्यंत कोणाचे नाव घेऊ नये.