मैलापूरची माती

सेंट थॉमस माउंट स्टेशनाजवळची टेकडी जेमतेम ३०० फूट उंच आहे. पण चेन्नईच्या सपाटीत तेवढीही पुरते. तमिळ लोक तिला परंगीमलै म्हणतात, फिरंग्यांचा डोंगर. पायऱ्या चढताना शेजारच्या विमानतळावर उतरणारी विमानं दिसत राहतात. वर पोर्तुगीजांनी उभारलेलं छोटं चर्च आहे. येशूच्या बारा शिष्यांपैकी थॉमस इ.स. ५२ मध्ये केरळच्या किनाऱ्यावर मुझिरिसला उतरला, पुढे इकडे पूर्वेला आला आणि इ.स. ७२ मध्ये याच टेकडीवर भाल्याने मारला गेला, अशी दक्षिणेतल्या ख्रिस्ती लोकांची पिढीजात श्रद्धा आहे.

वेदीमागच्या भिंतीत एक दगडी क्रूस बसवलेला आहे. पोर्तुगीजांना तो १५४७ मध्ये इथेच खोदताना सापडला. १५५८ मध्ये प्रार्थना चालू असताना त्यातून रक्त पाझरलं आणि असं पुढे १७०४ पर्यंत अधूनमधून होत राहिलं, असं सांगतात. मी मात्र क्रुसाच्या कडेने कोरलेली अक्षरं बघत उभी राहिले. ती पहलवी आहेत, जुन्या इराणची. इथे इराणकडून आलेले किंवा तिकडच्या धर्मपीठाशी बांधलेले ख्रिस्ती लोक होते, याचा यापेक्षा पक्का पुरावा कुठला? पण अभ्यासक हा क्रूस साधारण सातव्या-आठव्या शतकाचा मानतात. म्हणजे थॉमस आणि हा दगड यांच्यामध्ये सहा शतकांची पोकळी आहे, आणि सगळ्या दंतकथा नेमक्या त्या पोकळीत वाढल्या आहेत.

तिथून मैलापूर. सांथोमचं पांढरंशुभ्र, उंच मनोऱ्याचं चर्च समुद्राला लागून आहे. ते १८९६ मध्ये इंग्रजी अमदानीत पुरं झालं. त्याआधी याच जागी पोर्तुगीजांचं चर्च होतं. थॉमसची समाधी तळघरात आहे. जिना उतरून गेलं की छोटंसं प्रार्थनागृह, वेदीखाली प्रेषिताची निजलेली मूर्ती, आणि बाकांवर निमूट बसलेली माणसं. त्यांत साडी नेसलेल्या, केसांत मोगरा माळलेल्या बायकाच जास्त. त्यातल्या सगळ्याच ख्रिस्ती असतील असं मला वाटलं नाही, आणि तशी चौकशी तिथे कोणी करतही नाही.

या समाधीत थॉमसचा देह नाही. तसा दावा चर्चही करत नाही. इथे आहे तो अस्थीचा एक लहानसा अवशेष. गंमत म्हणजे ही गोष्ट सगळ्यात जुनी कथाच सांगून मोकळी होते. तिसऱ्या शतकात सीरियाकडे रचलेल्या ‘थॉमसची कृत्ये’ या ग्रंथात राजा मज्दाई त्याला भाल्यांनी मारवतो. पुढे राजाचा मुलगा आजारी पडतो, तेव्हा संताचं एखादं हाड मिळावं म्हणून राजा कबर उघडतो. कबर रिकामी. हाडं कोणी शिष्याने आधीच पश्चिमेला नेलेली. शेवटी राजा कबरीतली माती नेतो आणि मुलगा बरा होतो.

ही हाडं आजच्या तुर्कस्तानातल्या एडेसा गावी पोचली. चौथ्या शतकातला तिथला कवी एफ्रेम तर एका व्यापाऱ्याने ती आणल्याचं गातो. पुढे ती ग्रीसच्या किओस बेटावर गेली आणि तिथून १२५८ मध्ये इटलीतल्या ऑर्तोना बंदरात आली, असं मानतात. आजही ऑर्तोनाचं चर्च ती आपल्याकडे असल्याचं सांगतं. तिथलाच हाताच्या हाडाचा एक तुकडा १९५३ मध्ये केरळात कोडुंगल्लूरजवळ अळीकोडला परत आला. मेलेल्या माणसाने एवढा प्रवास करावा!

हाडं गेली तरी मैलापूरची माती राहिली. तेराव्या शतकाच्या अखेरीस मार्को पोलो या किनाऱ्याबद्दल लिहितो, तेव्हाही भाविक इथली माती घेऊन जात आणि तापाच्या रोग्याला पाण्यातून पाजत. मृत्यूची त्याने ऐकलेली कथा मात्र वेगळीच आहे. संत रानात प्रार्थनेला बसलेला, भोवती मोर. एका शिकाऱ्याने मोरावर बाण सोडला आणि तो संताला लागला. ना दुष्ट राजा, ना भाले. मला ही कथा जास्त आवडते, कारण ती इथल्या मातीतली वाटते. सांथोमपासून चालत जाता येईल अशा कपालीश्वराच्या देवळात पार्वतीने मोराच्या रूपात शंकराची आराधना केल्याची कथा सांगतात. मूळ कपालीश्वर समुद्रकाठी होता आणि पोर्तुगीजांच्या काळात तो पडला, असंही मानलं जातं. सांथोमच्या वैभवाबद्दल बोलताना ही बाजू झाकून ठेवू नये.

चर्चमागे किनाऱ्याकडे एक लाकडी खांब उभा आहे. समुद्र या खांबाच्या पुढे येणार नाही, असं थॉमस सांगून गेला म्हणे. २००४ च्या सुनामीत चर्चमध्ये पाणी शिरलं नाही, तेव्हापासून खांबाचा मान वाढला. चर्च थोड्या उंचवट्यावर आहे हे कारण मला पुरतं. तिथे ते कोणाला ऐकवायच्या फंदात मी पडले नाही.

असे दावे आपल्याकडेही आहेत. बार्थोलोम्यू हा शिष्य कल्याणला आला होता, असं काही अभ्यासकांनी मांडलं. सहाव्या शतकातला प्रवासी कॉस्मस ‘कल्लियाना’तल्या इराणहून नेमलेल्या बिशपाचा उल्लेख करतो. तो बहुतेकांच्या मते कल्याणचाच, पण त्यावरून पाचशे वर्षं मागे उडी मारणं धाडसाचं आहे. श्रीनगरच्या रोजाबलमध्ये खुद्द येशूची कबर आहे, हा मिर्झा गुलाम अहमद यांचा दावा तर एकोणिसाव्या शतकाच्या अखेरचा. मैलापूरचं तसं नाही. थॉमस इथे आला हे सिद्ध होत नाही. पण त्याची म्हणून ही जागा किमान सातशे वर्षं पुजली जाते, हे कागदोपत्री आहे. दाव्यांच्या या बाजारात एवढं भांडवलही फार थोड्यांकडे असतं.

सांथोमला जाल तेव्हा चर्चचा मुख्य भाग पाहून परत फिरू नका. समाधीचा दरवाजा वेगळा आहे, मागच्या बाजूला.