आठ टक्क्यांवरचा घाट

नॉर्वेतल्या बर्गनच्या विमानतळावर भाड्याची विजेची मोटार ताब्यात घेताना आमच्या नानांनी एकच प्रश्न विचारला, "अठी लाइट कव्हा जाते?"

मी तो इंग्रजीत मांडला. टेबलामागच्या मुलीला वाटले, मोटारीच्या दिव्यांविषयी काही शंका आहे. तिने बाहेर येऊन दिवे लावून दाखवले. पुन्हा समजावून सांगितल्यावर बिचारी बराच वेळ आठवत राहिली आणि म्हणाली, "दोन हिवाळ्यांपूर्वी मोठे वादळ झाले होते. तेव्हा गेली होती थोडा वेळ." भाषांतरात मीच काहीतरी घोटाळा केला असावा, अशा नजरेने नानांनी माझ्याकडे पाहिले.

प्रश्न वावगा नव्हता. विचारणाऱ्याचे सारे आयुष्य यावलला गेले होते. जळगाव जिल्ह्यातले, सातपुड्याच्या पायथ्याचे हे तालुक्याचे गाव. नदीकाठी निंबाळकरांचा पडका किल्ला, आणि गावाबाहेर पडले की केळीच केळी. १९३६ साली ज्या फैजपूरला काँग्रेसचे खेड्यातले पहिले अधिवेशन भरले, ते आमच्याच तालुक्यातले. परगावच्या माणसाला यावलपेक्षा तेच नाव आधी आठवते, याचे नानांना थोडे वैषम्य आहे! केळीला वर्षभर पाणी लागते आणि विहिरीतले पाणी उपसायला वीज. ती शेतीला पाळीने मिळायची. कधी दिवसा आठ तास, तर कधी रात्री दहा तास. रात्रपाळी आली की नाना गजर लावून उठत आणि हातात बॅटरी अन् काठी घेऊन वावरात जात. साप-विंचू असत, सातपुड्यातून उतरणाऱ्या बिबट्याची धास्ती असे. कॉलेजच्या सुट्टीत मी घरी असलो म्हणजे त्यांच्या वहाणांच्या आवाजाने जागा होई आणि "मी येतो" म्हणे. नाना म्हणत, "तू नीज. मी हाये." आणि मी खरोखरच निजत असे.

आई गेल्यापासून नाना यावल सोडायला तयार नव्हते. २०२४ च्या जूनमध्ये आमच्या कन्येने हट्ट धरला, "आजोबांना बर्फ दाखवायचा," आणि नातीपुढे त्यांचे काही चालले नाही.

आता मोटारीविषयी. पेट्रोलची गाडी मिळत नव्हती असे नाही. पण नॉर्वेत त्या वर्षी विकल्या गेलेल्या दर शंभर नव्या मोटारींपैकी जवळजवळ नव्वद विजेच्या होत्या. सरकारने १९९० च्या दशकापासून त्यांच्या खरेदीवरचे कर माफ करीत आणले आणि देशातली बहुतेक सारी वीज डोंगरातल्या पाण्यावर होते. दीपनगरच्या धुराड्यांच्या शेजारी आयुष्य काढलेल्या नानांना हे पाण्याचे फार आवडले. आपला वाहन परवाना, त्याच्या जोडीला आर.टी.ओ.कडून काढलेला आंतरराष्ट्रीय परवाना आणि क्रेडिट कार्ड एवढ्यावर गाडी मिळते. रस्त्याच्या उजवीकडून चालवायची, दिवसाही दिवे लावायचे. टोलनाके नाहीत; कॅमेरे नंबर टिपतात आणि बिल मागाहून घरी येते. ते मात्र चुकत नाही.

चार्जिंगचेही तंत्र आहे. जलद चार्जरवर दहा टक्क्यांपासून ऐंशीपर्यंत अर्ध्या तासात मजल जाते. पुढचे वीस मात्र दूध आटवल्यासारखे सावकाश. म्हणून शहाण्या माणसाने ऐंशीवर उठावे. आणि मोबाइलमध्ये पैसे भरण्याची निदान दोन-तीन ॲप्स घरूनच घालून न्यावीत. हे शहाणपण मला नंतर सुचले, हे उघडच आहे.

ऑर्लंड नावाच्या फ्योर्डकाठच्या गावी आमचे घोडे अडले. तिथला एक चार्जर बंद होता आणि दुसऱ्याचे ॲप आमचा भारतातला फोन नंबर काही केल्या स्वीकारीना. कन्येने तासभर खटपट केली. बॅटरी अठ्ठावीस टक्के. पुढचा मुक्काम लेर्डाल. तिथे जायला दोन वाटा. एक साडेचोवीस किलोमीटरचा बोगदा, रस्त्याचा जगातला सर्वांत लांब, २००० साली खुला झालेला. चालकाला गुंगी येऊ नये म्हणून त्यात तीन ठिकाणी निळ्या उजेडाच्या गुहा केल्या आहेत. दुसरी वाट डोंगरावरून, सुमारे सत्तेचाळीस किलोमीटर, हिवाळ्यात बंद असणारी. तिला 'बर्फाचा रस्ता' म्हणतात. पडद्यावर आकडा होता एकशे दहा किलोमीटरचा. मी म्हणालो, बर्फ बघायला आलो आणि बोगद्यात शिरायचे? चला वरून.

गणितात मी एक गोष्ट धरली नव्हती. हा रस्ता समुद्रसपाटीपासून निघून १३०६ मीटर चढतो. साडेसहाशे मीटरवर स्टेगास्टाइनचा लाकडी सज्जा आहे, दरीवर तीस मीटर पुढे आलेला. खाली फ्योर्डचे हिरवेनिळे पाणी. सारे हरखून बघत होते. मी मात्र पडद्याकडे बघत होतो. तिथून वर दर वळणाला टक्का गळू लागला. सतरा. चौदा. अकरा. दोन्ही बाजूंना माणसाहून उंच बर्फाच्या भिंती, आणि मी हीटर बंद केला. सौ.ने काही न बोलता शाल नानांच्या खांद्यावर टाकली. चेहरा हसरा ठेवण्याचा माझा प्रयत्न चालूच होता.

माथ्यावर गाडी थांबवली तेव्हा आठ टक्के उरले होते. नाना उतरले, वाकून मूठभर बर्फ घेतला, हातात विरघळेपर्यंत धरला. मग माझ्याजवळ येऊन हळूच म्हणाले, "मी खालपासून पाहू रायलो. अठ्ठावीस होते."

मी काय बोलणार?

"उतार लागला का पाय काढ. चाकं मोटर फिरवतीन. भुसावळचं इंजिन घाट कसं उतरते?"

आमचे एक चुलते भुसावळला मालगाडीवर होते. हल्लीची विजेची इंजिने उतारावर मोटारींकडूनच वीज करून वरच्या तारेला परत देतात, हे नानांनी त्यांच्याकडून ऐकले होते. मी पुण्यात इंजिनीअर. हे मला ठाऊक होते, पण भीतीने हवेत उडून गेले होते. पाय काढला. गाडी स्वतःलाच आवरीत उतरू लागली. आठाचे नऊ झाले. पुढच्या सीटवर नाना मोठ्याने मोजत होते, मागे नात टाळ्या पिटीत होती. बर्फ मागे पडला, भूर्जाची झुडपे आली, मग हिरवी कुरणे. लेर्डालला पोहोचलो तेव्हा बारा होते.

तिथल्या चार्जरने साधे कार्ड घेतले. रात्रीचे साडेदहा वाजले होते आणि आकाशात अजून उजेड होता. मायलेकी खोलीवर गेल्या. नाना चार्जरसमोरच्या बाकावर, विहिरीच्या काठावर बसावे तसे, बसले. नजर आकड्यावर.

"थंडी आहे नाना, चला."

"तू नीज. मी हाये."

मी खोलीतून दुसरी शाल आणली आणि त्यांच्या शेजारी बसलो. सत्तावीस झाले होते.