स्वारगेटला उतरून एक दिवस

सातारा-कराडकडच्या माणसांसाठी स्वारगेट म्हणजे घाईचे ठिकाण. एस.टी.तून उतरायचे, पिशव्या मोजायच्या, रिक्षावाल्याशी घासाघीस करायची आणि दवाखाना नाहीतर लग्नघर गाठायचे. पुणे बघायचे म्हणून तिथे कोणी उतरत नाही. डिसेंबरच्या सुट्टीत आम्ही मात्र ठरवून उतरलो. अम्मी, दोन्ही सुना आणि मुले धरून आम्ही आठजण. दवाखाना नाही, लग्न नाही, संध्याकाळच्या गाडीने परत.

स्वारगेटहून मंडई हे मेट्रोचे एकच स्टेशन. हा जमिनीखालचा मार्ग २९ सप्टेंबर २०२४ रोजी सुरू झाला. चालतही गेलो असतो, पण मुलांना मेट्रोच हवी होती, आणि खरे सांगायचे तर अम्मींनाही. सरकत्या जिन्यावर पाय ठेवताना त्यांनी मोठ्याने बिस्मिल्लाह म्हटले, तेव्हा पुढचे दोघे-तिघे वळून हसले.

मंडईची दगडी इमारत १८८६ ची. तेव्हा गव्हर्नरच्या नावावरून तिला रे मार्केट म्हणत. नगरपालिकेचे सभासद असताना जोतिराव फुल्यांनी या बांधकामावर पैसा उधळायला विरोध केला होता, आणि आज तीच इमारत महात्मा फुले मंडई म्हणून ओळखली जाते! मधल्या मनोऱ्याखाली उभे राहून मुलांना हे सांगितले, पण त्यांचे लक्ष पेरूंकडे होते. एका बागवान चाचांनी पेरू कापून, तिखट-मीठ लावून दिले आणि सातारचे म्हटल्यावर दोन जास्तीचे घातले.

तिथून शुक्रवार पेठेतले राजा दिनकर केळकर संग्रहालय जवळच आहे. दिनकर केळकरांनी अकाली गेलेल्या आपल्या मुलाच्या, राजाच्या, नावाने ते उभारले. दिवे, अडकित्ते, कोरीव दरवाजे, वाद्ये. माणूस जमवून जमवून किती जमवेल! अम्मी अडकित्त्यांपाशी रेंगाळल्या. आम्हाला ओढ होती ती मस्तानीच्या दालनाची. कोथरूडला तिचा महाल होता; त्याचे अवशेष आणून हे दालन इथे पुन्हा उभे केले आहे. सिनेमातला आरसेमहाल डोळ्यांत ठेवून जाल तर ते लहान वाटेल. आम्हाला ते खरे वाटले. छत्रसालांची ही मुलगी १७४० मध्ये वारली, तिची कबर शिरूर तालुक्यात पाबळला आहे. तिचा मुलगा समशेर बहाद्दर १७६१ मध्ये पानिपतावर मराठ्यांच्या बाजूने लढला आणि त्याच जखमांनी गेला. तेव्हा तो सत्तावीसच्या आसपासचा होता. आमचा मोठा पुतण्या कॉलेजात आहे. तो इतकेच म्हणाला, "हे आम्हाला पानिपतच्या धड्यात कोणी सांगितले नाही."

दुपारी गंज पेठेत फुले वाड्यावर पोहोचलो. आता या पेठेलाही फुल्यांचेच नाव आहे. वाडा साधा, अंगण शांत. १८६८ मध्ये जोतिरावांनी घरचा हौद अस्पृश्यांसाठी खुला केला. आम्हा सातारकरांना इथे थोडे माहेरचे वाटते, कारण फुल्यांचे मूळ गाव कटगुण आणि सावित्रीबाईंचे माहेर नायगाव, दोन्ही आमच्याच जिल्ह्यात. पण दुसरेही एक नाते आहे. जोतिरावांची शाळा सुटली होती, तेव्हा वडिलांचे मन वळवणाऱ्यांत शेजारचे गफ्फार बेग मुन्शी होते. १८४९ मध्ये वडिलांनी या नवराबायकोला घराबाहेर काढले, तेव्हा आसरा दिला उस्मान शेख यांनी. आणि १० ऑक्टोबर १८५६ रोजी नायगावहून आजारपणात लिहिलेल्या पत्रात सावित्रीबाईंना काळजी आहे ती फातिमेची. आपल्यामागे तिच्यावर कामाचा भार पडत असेल, पण ती कुरकुर करणारी नाही, अशी त्यांना खात्री आहे. फातिमा कोणी नव्हतीच, असे अलीकडे बोलले जाते. त्यांनी हे पत्र वाचावे. जोतिरावांनी आपल्या पैगंबरांवर 'मानव महंमद' हा अखंड लिहिला, हेही आपल्या मुलांना माहीत असायला हवे.

जोहरची वेळ झाली म्हणून मोमीनपुऱ्याकडे वळलो. पुरुष मशिदीत गेले. बायकांसाठी तिथे वेगळी जागा नव्हती. प्रवासातल्या बाईने नमाज कुठे पढायची, याचा विचार आपल्या जमातींनी आता करायला हवा. गल्लीतल्या एका वयस्क आपांनी आमची चुळबुळ पाहिली आणि दार उघडले. "पढो बेटा, घर तुमाराच है." वुजूला पाणी दिले, मुसल्ले अंथरले. मुसाफिर म्हणून बायकांनी दोन रकात पढल्या. पुरुषांनी स्थानिक इमामामागे पुऱ्या चार. नंतर चहा आला, त्याला नाही म्हणण्याची सोय नव्हती.

धाकट्या पुतणीने आपांना विचारले, "दादी, उस्मान शेख यांचे घर कुठे होते?" आपांनी पदर सावरला. "इधरीच कहीं था, बोलते."

फुले वाड्याच्या आसपास तशी पाटी आम्हाला दिसली नव्हती. जेवण झाल्यावर मुले पुन्हा त्याच गल्ल्यांत शिरली. सिमेंटच्या इमारतींमध्ये मधूनच एखादे जुने लाकडी दार, पितळी कडीचे. पुतणी म्हणाली, हेच असेल. भाऊ म्हणाला, नाही, पुढचे, त्याला ओटा आहे, मुलींना बसायला जागा हवी ना. दोघे भांडत भांडत पुढच्या वळणावर गेले. सारसबाग आणि पर्वती त्या दिवशी राहूनच गेली.